मूठभर काकडं

इंदूताई, तुझी पिशवी मी दिली नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुझी सून आमच्याकडे आली होती, तुझ्या वस्तू न्यायला. विळी दिली. मोठं पातेलं दिलं. तुझा जुना चष्मा मसाल्याच्या फळीवर होता, तोही पुसून दिला. मग तिने दारामागच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. "काकू, ती पिशवीपण मम्मींचीच ना?"

मी म्हटलं, "हो. पण ती नाही देणार."

एवढंच बोलले. का नाही, ते सांगितलं नाही. ती बघतच राहिली. लग्न होऊन आल्यापासून तिने माझ्या तोंडून 'बस' आणि 'चहा घे' यापलीकडे काही ऐकलेलं नाही. "राहू द्या मग," म्हणाली बिचारी आणि पातेलं कडेवर घेऊन जिना उतरली. मी दार लावलं आणि पिशवी खिळ्यावरून काढली. भावोजींच्या खाकी पँटची तूच शिवलेली, मधोमध शिवण मारून आत दोन कप्पे केलेले. जड सामान एकीकडे, पाला दुसरीकडे. पाल्याच्या कप्प्यात कोथिंबिरीच्या दोन सुकलेल्या काड्या होत्या. त्या मी काढल्या नाहीत.

चौथीनंतर मी सही आणि बाजाराची यादी यापलीकडे काही लिहिलेलं नाही. ही वही कुणी वाचणार नाही, तूही नाही. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. तू होतीस तेव्हा रोज चार तास शेजारी बसून भाजी निवडली, आणि ती सांगितली नाही. आता तोंडाने सांगायला तू नाहीस, म्हणून लिहिते.

तुला आठवतं का, आपण पहिल्यांदा कुठे बोललो? बोललीस तूच. जिन्यात. मी तुळिंजच्या बाजारातून वर येत होते, ऐन पावसाळ्यात. तू माझ्या पिशवीत सरळ हात घालून फ्लॉवर बाहेर काढलास.

"ह्या दिवसात फ्लॉवर? आनि मटार? कुनाचं डोहाळजेवन हाय का घरात?"

मी मान खाली घातली.

"मुकी हायेस का गं?"

मी मान हलवली.

"मग नाव सांग."

"सुमन."

"गाव?"

"माणकडचं."

"दुष्काळातली होय! तरीच दिसेल ते भरून आनतेस." आणि तू हसलीस. अशी हसलीस की मला राग यायच्या ऐवजी बरं वाटलं. इथे येऊन तोवर दोन वर्षं झाली होती आणि माझं गाव कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मला होळी नावाच्या गावी घेऊन गेलीस, तुझ्या माहेरी. मी रात्रीच यादी करून ठेवली होती. बाजारात काही विचारायची वेळ येऊ नये म्हणून मी नेहमी यादी करायची आणि कागदच भाजीवाल्यासमोर धरायची. तू माझ्या हातातून तो कागद घेतलास, न वाचता त्यात मिरच्या बांधल्यास आणि म्हणालीस, "बाजाराला आपन सांगायचं नसतं. आधी बघायचं, वाडीनं काय दिलंय. मग चूल ठरवते." त्या दिवशी वाडीने पडवळ दिलं होतं, अळू दिलं होतं आणि एक केळफूल. तुझ्या भावाने ते केळफूल माझ्या हातात ठेवलं तर मी विचारलं होतं, हे सोलायचं कुठपर्यंत? तुम्ही दोघं बहीणभाऊ एकमेकांकडे बघून इतके हसलात! पण त्या दिवसापासून मी यादी केली नाही.

मग डबे सुरू केले. तुझं डोकं, माझी जागा, दोघींचे हात. थंडीत वालाच्या शेंगा आणि कोनफळ, चैत्रात कैरीचं वरण आणि कुयरी, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी. होड्या बंद असायच्या त्या दिवसांत पाचूबंदरहून आधीच आणून ठेवलेले सुके बोंबील. कुणाचा वाढदिवस कळला की त्याच्या डब्यात तू एक सुकेळं, उन्हात वाळवलेलं गोड केळं, ठेवायचीस, केळीच्या पानात गुंडाळून, आणि विचारलं तर म्हणायचीस, "मी नाय ठेवलं, चुकून पडलं असंल." बाजारात तू बोलायचीस, दारात तू बोलायचीस. मी मागे उभी राहून पिशवी धरायची. मला ते फार सोयीचं होतं, ताई. माझा आवाज पण तूच वापरत होतीस, आणि मी वापरू देत होते.

आता सगळे म्हणतात, डबे बंद कर. नीलेश तर रोज म्हणतो. माझाच मुलगा, त्याच्या मनात वाईट नाही. "आई, मावशी होत्या म्हणून चाललं. तुला बाजारात तोंड उघडता येतं का? आणि करायचेच असतील तर भाजी फोनवर मागव. चिरलेली येते, बारा महिने मटार मिळतो. लोकांनाही तेच हवंय." लोकांनाही तेच हवं आहे, हे खोटं नाही. तू गेलीस त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या सरांनी विचारलं, "काकू, आता जरा पनीर वगैरे सुरू कराल ना? त्या बाईंपुढे आमचं काही चालत नव्हतं."

मी नुसती मान हलवली असेन. त्यांना ती होकाराची वाटली.

घरात येऊन मी कांदे चिरायला घेतले आणि लागत होते त्याच्या दुप्पट चिरले. रडू नव्हतं, राग होता. त्या बाईंपुढे चालत नव्हतं म्हणे! सात वर्षं बोटं चाटून खाल्लं त्याच बाईचं. आणि चौदा दिवस झाले नाहीत तर पनीर. ठरवलं, पनीर नाही करायचं. डबे बंदही नाही करायचे. पण ते करायचं तर मला एकटीला बाजारात जावं लागणार होतं, आणि बाजारात लाडकीबाय बसते.

तर आता ते सांगते.

आपल्या डब्यांचं पहिलंच वर्ष होतं. पावसाच्या तोंडाशी डोंगरात उगवणाऱ्या शेवळांचे दिवस होते आणि तुला ताप होता. तू अंथरुणातून म्हणालीस, "सुमे, रस्त्याच्या टोकाला लाडकीबाय बसते, डोंगराकडची. तिच्याकडची शेवळं आन. सहा जुड्या. नुसतं बोटानं दाखव, बोलू नको वाटलं तर." मी तोवर शेवळं पाहिलीसुद्धा नव्हती. ती जांभळट दांड्यांची जुडी बघून वाटलं, हे काय खायचं असतं? मी बोटाने दाखवलं. तिने सहा जुड्या माझ्या पिशवीत ठेवल्या आणि वर हिरव्या, गोल, बोराएवढ्या फळांच्या मुठी टाकल्या.

ती फळं मी मागितली नव्हती. मला वाटलं, चुकून पडली, दुसऱ्या कुणाची असतील. विचारायला तोंड उघडेना. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होती तेवढ्यात मी ती सगळी फळं वेचून गुपचूप तिच्या पाटीत परत ठेवली आणि घरी आले. प्रामाणिकपणा केला असं वाटत होतं मला! ताई, अशी चूक इथे जन्मलेलं लेकरूसुद्धा करणार नाही. शेवळं खाजरी असतात आणि त्या हिरव्या फळांच्या, काकडांच्या, आंबट रसानेच त्यांची खाज मरते, म्हणून विकणारी बाई मागितल्याशिवायच काकडं देते, हे मला कोण सांगणार होतं?

तू तापात झोपली होतीस. उठवलं नाही. वाल घालून, खोबरं घालून मी भाजी केली आणि डबे भरले. मी स्वतः खाल्ली नाही, त्या दिवशी माझा उपास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रांग. कुणी घसा धरलेला, कुणाचे ओठ सुजलेले. सर तर म्हणाले, "अहो, काल भाजीत सुया घातल्या होत्या काय?" मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. तू शाल पांघरून आलीस, अंगात ताप होता तुझ्या, आणि कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "घातल्या. माझा हात चुकला काल. आज सगळ्यांना गोड शिरा. ज्याला कोर्टात जायचं त्यानं शिरा खाऊन जावं." हसले सगळे. एकही डबा तुटला नाही.

आत आल्यावर मला ओरडशील असं वाटलं होतं. तू फक्त विचारलंस, "काकडं घातली नव्हतीस?" मी म्हटलं, "नव्हती." तू विचारलंस, "दिली नाय तिनं?"

तिथे मी गप्प बसले, ताई. एक शब्द बोलायचा होता. नाही बोलले.

दोन दिवसांनी ताप उतरला तशी तू मला घेऊन लाडकीबायसमोर जाऊन उभी राहिलीस. "नवी बाई बघून फसवलीस ना? काकडं ठेवून घेतलीस?" ती म्हणाली, "मी दिल्ती. वर ठेवल्ती, सहा मुठी." तू म्हणालीस, "खोटं बोलतेस. बावीस मानसांचे घसे धरले!" भर बाजारात. लोक थांबून बघायला लागले. लाडकीबायने माझ्याकडे पाहिलं. तुझ्या पाठीमागे पिशवी धरून मी उभी होते, नजर माझ्या चपलांवर. तिने पाटीवर फडकं टाकलं आणि तोंड फिरवलं. त्यानंतर सात वर्षं आपण तिच्याकडून एक काडी घेतली नाही. तिची टाकळ्याची जुडी सगळ्या बाजारात ताजी असायची आणि आपण तिच्यासमोरून मान वळवून जायचो. तू रागाने, मी लाजेने. तुला वाटायचं दोघींचं कारण एकच.

आणि मग यंदा तुझा दवाखाना. दुसऱ्या दिवशी मी तुला पेज भरवत होते तेव्हा तू विचारलंस, "शेवळं आली का गं?"

मी म्हटलं, "नाही अजून."

आली होती. त्याच सकाळी पाहिली होती मी, चार जुड्या, वर्षातल्या पहिल्या. लाडकीबायच्या पाटीत होती. आली म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस कुणाकडे, आणि मग तिचं नाव आलं असतं. तुला तेवढ्यासाठी खोटं सांगितलं. तू म्हणालीस, "उशीर केला यंदा," आणि डोळे मिटलेस. परत काही मागितलं नाहीस.

हे मला जन्मभर पुरेल. पण मी याच्यावर रडत बसणार नाही. रडून त्या पाटीतली एक जुडी उचलली जात नाही.

शेवळं जेमतेम तीन आठवडे असतात. परवा सकाळी मी तुझी पिशवी घेतली. नीलेश चहा पीत होता. "कुठे?" म्हणाला. "बाजारात." "यादी दे, मी येताना आणतो." मी म्हटलं, "यादी नाही." तो हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

लाडकीबाय तिथेच होती. केस पांढरे झालेत तिचे, जवळून पाहिल्यावर कळलं. पाटीत शेवळांच्या तीन जुड्या उरल्या होत्या, जराशा मऊ पडलेल्या. मी समोर उभी राहिले. तीच आधी बोलली.

"तुझी ती बोलनारी कुठं हाय?"

"गेली. वीस दिवस झाले."

तिने हातातला टाकळा खाली ठेवला. "आजारी व्हती?"

"तीनच दिवस."

"तोंडानं वाईट," ती म्हणाली. "पन भाजी वळखायची."

रस्त्यावर रिक्षांचा गोंधळ चालला होता. मला वाटलं, आता नाही बोलले तर पुढच्या वर्षी, आणि मग कधीच नाही. मी खाली बसले, तिच्या पाटीपाशी, उकिडवी. म्हटलं, "बाय, त्या वर्षी काकडं तू दिली होतीस. मीच परत ठेवली तुझ्या पाटीत. मला वाटलं माझी नाहीत."

"म्हाईत हाय."

"माहीत आहे?"

"जेवढ्या जुड्या तेवढ्याच मुठी तोडून आनते मी. त्या दिशी जुड्या संपल्या आन काकडं घरी आली. दुसरं कोन ठेवनार?"

"मग तिला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. तिनं ऐकलं नाय. तू सांगशील म्हनून तुझ्याकडं बघलं." मग ती हसली, पुढचे दोन दात नाहीत तिला. "लय टाइम लावलास गं बाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते बघितलं न बघितल्यासारखं केलं. तिन्ही जुड्या पिशवीत ठेवल्या, पाल्याच्या कप्प्यात, तुझ्या सुकलेल्या काड्यांवर. वर तीन मुठी काकडं टाकली. "ह्या बारीला परत ठिवशील तर हात मोडीन."

मी म्हटलं, "आणखी सहा मुठी घाल. माझ्या राहिल्यात तुझ्याकडे."

ती एवढ्या मोठ्याने हसली की शेजारची लिंबूवाली वळून बघायला लागली. आणि ताई, तो विनोद मी केला होता. भर तुळिंज बाजारात. मी.

घरी येऊन हाताला तेल लावलं. वरचा पापुद्रा काढला, आतला पिवळा भाग काढून टाकला, बारीक चिरलं. काकडं ठेचून, पिळून रस घेतला. वाल आदल्या रात्री भिजवलेच होते. भिजवताना मला कबूल करायचं नव्हतं की मी जाणार आहे, पण हातांनी आधीच ठरवलं होतं. तीन जुड्यांत बावीस डबे होत नाहीत, म्हणून वाल जास्त घातले. भाजी झाल्यावर तू करायचीस तसंच केलं. पाटावर बसले, एक घास खाल्ला, डोळे मिटले. "थांब, घसा काय म्हनतो बघू." तुझ्यासारखंच मोठ्याने म्हटलं. बराच वेळ बसले. घसा काही म्हणाला नाही.

संध्याकाळी डबे न्यायला माणसं आली. सर पुढे. "काय काकू, आज पनीर?"

"शेवळं."

त्यांचा हात आपोआप गळ्याकडे गेला. "सुयांवाली?"

"तीच. सर, त्या दिवशी ती भाजी मी केली होती. हात माझा चुकला होता, इंदूताईचा नाही. तिने स्वतःवर घेतलं." मला वाटलं आता आवाज जाईल, पण गेला नाही. "आज मी आधी खाऊन बघितली आहे. ज्याला नको त्याला वरणभात आहे. पनीर मी करणार नाही. पावसात मटार करणार नाही. बाजारात जे येईल ते डब्यात येईल. ज्यांना चालत नसेल त्यांनी आत्ताच सांगा, राग नाही."

तिघांनी सांगितलं. त्यांना मी वरणभात दिला आणि दुसऱ्या दिवसापासूनचे डबे बंद केले. सरांनी भाजीचा डबा घेतला. दोन पायऱ्या उतरून परत वर आले आणि म्हणाले, "त्या बाई आम्हाला बोलल्या असत्या ना आज." मी म्हटलं, "हो. माझ्यापेक्षा वाईट बोलली असती."

नीलेश दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता. जेवताना त्याने दोनदा भाजी घेतली. डबे बंद करायचं काही बोलला नाही.

म्हणजे आता एकोणीस डबे आहेत. टाकळा आलाय, कंटोळी येतील. टाकळ्यात लसूण ठेचून घालायचा की चिरून, हे आपलं भांडण अर्धंच राहिलं. मी ठेचूनच घालते आणि घालत राहणार. तू चिरायचीस, ते चुकीचंच होतं.

तू एकदा शिरा करून मला वाचवलंस, ते मी विसरणार नाही. पण तू एका खऱ्या बाईला भर बाजारात खोटी ठरवलंस, आणि ते माझ्यामुळे झालं, हेही मी विसरणार नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, झालं गेलं, आता कशाला तिची पायरी चढायची? मी जाणार. जे काही तिच्याकडे असेल ते आधी तिच्याकडून घेणार, आणि तुझ्याच पिशवीत आणणार.

पटत नसेल तर ये आणि भांड. कमरेवर हात ठेवून ये, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं भांड. फक्त या वेळी मी पिशवी धरून तुझ्या पाठीमागे नसेन. लाडकीबायच्या पाटीपाशी बसलेली असेन, तुझ्या समोर.